पात्राने काय सोडले? निर्णयांतून आशयसूत्राकडे नेणारी अध्यापनपद्धती

अकरावी-बारावीच्या वर्गात कथा शिकवून झाल्यावर "या कथेचे आशयसूत्र काय?" असा प्रश्न विचारला, तर बहुतेक वह्यांत दोनच प्रकारची उत्तरे सापडतात. काही विद्यार्थी एका शब्दावर थांबतात: गरिबी, मैत्री, त्याग. उरलेले एक उपदेश लिहितात: नेहमी खरे बोलावे, आईवडिलांची सेवा करावी. पहिला कथेचा विषय आहे आणि दुसरा बोध. आशयसूत्र या दोहोंच्या पुढे असते. विषयाबद्दल ही विशिष्ट कथा नेमके काय म्हणते, कोणत्या अटींवर म्हणते आणि कोणती किंमत मोजून म्हणते, हे त्यात सांगावे लागते. कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना या पायरीवर वर्ग वर्षानुवर्षे अडखळताना मी पाहिला आहे. ती ओलांडण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग पात्राच्या नैतिक निर्णयातून जातो, असे माझे मत झाले आहे. त्यातही पात्राने काय निवडले यापेक्षा निवडताना काय सोडले, या प्रश्नाने वर्ग अधिक लवकर जागा होतो.

पुढील पद्धत एका छोट्या कथेवर दोन तासिकांत आणि एका मोठ्या कथानकावर साधारण चार तासिकांत वापरता येते. आधी छोटी कथाच घ्यावी, कारण पद्धत आणि संहिता दोन्ही एकाच वेळी नवीन असल्या तर विद्यार्थी पद्धत सोडून कथानकच सांगत बसतात.

संहिता कोणती घ्यावी

प्रत्येक चांगली कथा या कामाला उपयोगी पडत नाही. ज्या प्रसंगात एक बाजू उघड वाईट आणि दुसरी उघड चांगली आहे, तिथे निर्णय असतो, पण पेच नसतो. चोराने चोरी सोडली, यात विद्यार्थ्याला तोलायला काही उरत नाही. मराठीत आपण ज्याला "इकडे आड, तिकडे विहीर" म्हणतो, तशी अवस्था हवी. दोन्ही बाजूंना खरे वजन असले पाहिजे, निर्णय सहजासहजी मागे घेता येऊ नये आणि त्याची किंमत कोणीतरी मोजलेली कथेत दिसली पाहिजे. किंमत मोजणारा निर्णय घेणाऱ्याहून वेगळा असेल, तर कथा आणखी कामाची.

पहिल्या तासिकेसाठी मी स्वतःच लिहिलेली एक लहान कथा वापरतो. ती इथे पूर्ण देतो, कारण पुढच्या सर्व पायऱ्या तिच्या आधाराने स्पष्ट होतील.

"गावच्या दूध संस्थेत बाळू दूध तपासायचे काम करतो. पहाटेची रांग. रांगेत अक्काताई उभी आहे. घरी एक म्हैस आणि अंथरुणाला खिळलेला नवरा. तिच्या किटलीतल्या दुधाची डिग्री उतरलेली आहे, म्हणजे पाणी घातलेले आहे. नियमाने दूध परत द्यायला हवे. बाळू एकदा तिच्याकडे पाहतो, वहीत कालचीच फॅट लिहितो आणि दूध कॅनमध्ये ओततो. असे चार दिवस चालते. पाचव्या दिवशी संघाकडून कॅन नापास होऊन परत येतो. चेअरमन रांगेसमोर विचारतात, 'कुणाचं दूध होतं?' रांगेतले दोघेतिघे खाली बघतात. बाळू म्हणतो, 'माझंच लक्ष नव्हतं.' झालेले नुकसान सगळ्या सभासदांच्या बिलांतून कापले जाते. दुसऱ्या दिवशी अक्काताई रांगेत नसते. संस्थेच्या पायरीवर तिची किटली असते. घासून लख्ख केलेली, रिकामी."

करवीर, पन्हाळा, राधानगरी या तालुक्यांतून एसटीने येणाऱ्या माझ्या अनेक विद्यार्थ्यांनी सकाळी धार काढून, संस्थेत दूध घालून मगच कॉलेज गाठलेले असते. डिग्री उतरणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. उलट तेच मला सांगतात. आपल्या वर्गाला जे जग हाताने माहीत आहे, त्या जगातली पहिली कथा निवडावी. शहरातल्या वर्गासाठी रिक्षाथांबा, किराणा दुकानातली उधारीची वही किंवा वसतिगृहाची मेसही चालेल.

निर्णयाचे क्षण शोधणे

कथा दोनदा वाचून झाली की विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे: कथेत जिथे जिथे कोणीतरी वेगळे वागू शकले असते, तिथे पेन्सिलीने खूण करायची. पहिल्या फेरीत सर्वांची खूण एकाच जागी पडते, बाळूने कालची फॅट लिहिली तिथे. तेवढ्यावर थांबू नये. "आणखी कोणी काही ठरवले का?" असे दोनदा विचारले की हळूहळू बाकीच्या जागा दिसू लागतात. अक्काताईने दुधात पाणी घालण्याचे ठरवले. तो निर्णय कथेच्या बाहेर, आधीच घडलेला आहे. बाळूने दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी तेच पुन्हा केले. पहिल्या दिवशीची दया आणि चौथ्या दिवशीची सवय एकच आहे का, हा प्रश्न वर्गातूनच येईल, आणि आला नाही तर शिक्षकाने विचारावा. रांगेतल्या दोघातिघांनी खाली पाहिले. त्यांना माहीत होते आणि ते गप्प राहिले. बाळूने दोष स्वतःवर घेतला. शेवटी अक्काताईने रांगेत न येण्याचे ठरवले.

गप्प राहणे हाही निर्णय असतो, ही गोष्ट या वयाच्या मुलांना समजावून सांगावी लागते आणि एकदा समजली की ती त्यांना सगळीकडे दिसू लागते. म्हणून या पायरीला घाई करू नये. माझा अनुभव असा की पहिल्या तासिकेचा निम्मा वेळ इथे गेला, तर पुढचे सगळे सोपे जाते.

एक चूक मात्र टाळावी, जी मी सुरुवातीची काही वर्षे सातत्याने केली. "बाळूचे बरोबर की चूक?" असा प्रश्न मी थेट विचारत असे. मग वर्गाचे दोन तट पडत, हात वर होत, आवाज चढत आणि चर्चा फार रंगली असे मला वाटे. वह्या तपासताना लक्षात येई की कथेतला एकही शब्द कोणी उत्तरात वापरलेला नाही. मतदान झाले होते, वाचन झाले नव्हते.

सोडलेल्या गोष्टीची नोंद

आता प्रत्येक निर्णयापुढे विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहायच्या: पात्राने काय निवडले, त्यासाठी काय सोडले आणि त्याची किंमत कोणी मोजली. फळ्यावर एक नोंद सर्वांनी मिळून करावी, उरलेल्या जोडीने. बाळूच्या पहिल्या निर्णयाबद्दल मुले प्रथम लिहितात, "दया निवडली, प्रामाणिकपणा सोडला." हे उत्तर चुकीचे नाही, पण फार गुळगुळीत आहे, कारण अशी अमूर्त नामे कोणत्याही कथेला चिकटवता येतात. इथे शिक्षकाने हट्ट धरावा की सोडलेली गोष्ट कथेतल्या वस्तूच्या किंवा माणसाच्या भाषेत सांगायची. मग उत्तर असे होते: "अक्काताईची किटली रांगेसमोर परत करण्याची नामुष्की त्याने टाळली, त्याबदल्यात रांगेतल्या बाकीच्यांचा वहीवरचा विश्वास सोडला, आणि तो त्याच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता." या वाक्यातला शेवटचा भाग एका विद्यार्थिनीने जवळजवळ याच शब्दांत सुचवला होता. तो ऐकल्यावर मी खडू खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसलो.

किंमत कोणी मोजली, हा स्तंभ भरताना आशयसूत्राचा पहिला धागा हाती लागतो. बाळूने दया केली. पैसे मात्र सभासदांच्या बिलांतून कापले गेले. बाळूने दोष अंगावर घेतला. मान मात्र अक्काताईची खाली गेली. उपकार करणारा आणि त्याची किंमत मोजणारा यांची फारकत कथेत दोनदा झालेली आहे. एखादी गोष्ट कथेत दोनदा घडली की तिथे थांबायचे, हा साधा नियम विद्यार्थ्यांना सांगून ठेवावा.

कारण: पात्र सांगते ते आणि कथा दाखवते ते

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात म्हटले आहे की पात्राचा स्वभाव त्याच्या निवडीतून प्रकट होतो, आणि ज्या बोलण्यात वक्ता काहीच निवडत किंवा टाळत नाही, त्यातून स्वभाव कळत नाही. वर्गात हे नाव घ्यायची गरज नाही, पण विचार उपयोगी आहे. पात्र स्वतःच्या निर्णयाचे जे कारण सांगते ते एका बाजूला आणि कथेतल्या कृतींतून जे कारण दिसते ते दुसऱ्या बाजूला, असे मांडून दोहोंतले अंतर विद्यार्थ्यांनी मोजायचे. बाळू म्हणतो, "माझंच लक्ष नव्हतं." कथा मात्र आधीच सांगून बसली आहे की त्याने एकदा तिच्याकडे पाहिले, म्हणजे लक्ष होते, आणि पुरेपूर होते. या एका क्रियापदात त्याचा सगळा निर्णय आहे. पुरावा म्हणून असा शब्द किंवा वाक्य नेमके उचलायची सवय इथेच लावावी. ज्या कारणाला संहितेतला शब्द सापडत नाही ते कारण विद्यार्थ्याचे स्वतःचे असते. ते खोडू नये, पण शेजारी प्रश्नचिन्ह ठेवायला सांगावे.

उलटा निर्णय लिहून पाहणे

ही पायरी मुलांना सर्वांत आवडते. बाळूने पहिल्याच दिवशी दूध परत दिले, असे धरून प्रत्येकाने पुढची कथा पाच वाक्यांत लिहायची. एका वर्षी मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, परत दिलं असतं तर म्हातारीनं खाल्लं काय असतं?" ते वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले, कारण निर्णयाच्या दुसऱ्या बाजूला असलेले वजन त्यात एका दमात आले होते.

लेखन झाल्यावर मात्र खरा प्रश्न विचारायचा: नव्या कथेतून काय नाहीसे झाले? कॅन नापास होत नाही, चेअरमन रांगेसमोर विचारत नाहीत, कोणाला खाली पाहावे लागत नाही. पायरीवरची रिकामी किटली उरलीच, तर ती अपमानाने भिरकावलेली असेल. घासून लख्ख केलेली नसेल. निर्णय बदलल्यावर कथेतला जो भाग कोसळतो, तोच भाग मूळ आशय उचलून धरत होता. उलट काही भाग जसाच्या तसा राहिला, उदाहरणार्थ अक्काताईची गरिबी, तर तो कथेचा विषय किंवा पार्श्वभूमी आहे, आशयसूत्र नाही. "या कथेचे आशयसूत्र गरिबी" असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे याहून सोप्या रीतीने पटवता येत असल्यास मला ते अद्याप साधलेले नाही.

कथा त्या निर्णयाकडे कशी पाहते

निर्णयाचा निवाडा कथा क्वचितच उघड शब्दांत करते. परिणाम, प्रतिमा, निवेदकाचा सूर आणि कथा कुठे थांबते यांतून तो कळतो. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. अश्वत्थामा मारला गेला असे द्रोणांना सांगताना युधिष्ठिर "हत्ती" हा शब्द अस्पष्ट पुटपुटतो, आणि तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकतो. युद्ध त्याच्या बाजूने झुकते, तरीही रथ खाली येतो. एका प्रतिमेत यशही सांगितले गेले आणि निवाडाही झाला. हे उदाहरण पाच मिनिटांत सांगून लगेच विचारावे: आपल्या कथेतला रथ कोणता? बहुतेक वर्ग किटलीकडे बोट दाखवतो.

आशयसूत्राचे वाक्य घडवणे

इथवरची टिपणे हाताशी आली की वाक्य लिहायला घ्यायचे, आणि इथे मराठी व्याकरणच आपल्या मदतीला येते. बोध जवळजवळ नेहमी विध्यर्थात संपतो: बोलावे, करावी, राहावे, फसवू नये. म्हणून वर्गात एक बंधन घालावे की आशयसूत्राच्या वाक्याचा शेवट विध्यर्थी क्रियापदाने किंवा "पाहिजे"ने होणार नाही. (हा लेख विध्यर्थाने भरलेला आहे याची मला जाणीव आहे, मार्गदर्शकाला ती सवलत असते, कथेला नसते.) या एका बंधनाने उपदेश गळून पडतो आणि विद्यार्थ्याला काय व्हावे याऐवजी काय होते, हे सांगावे लागते. दुसरे बंधन असे की वाक्यात पात्राचे नाव नको, कारण नाव राहिले की ते कथानकाचा सारांश बनते. तिसरी अट माझ्या आवडीची आहे: वाक्यात "पण", "तरी" किंवा "जेव्हा... तेव्हा" यांपैकी एक जोड असावी. पेच असलेल्या कथेचे सूत्र सपाट विधानात मावत नाही.

बहुतेकांची पहिली खरडलेली ओळ "दया ही चांगली गोष्ट आहे पण तिचे परिणाम वाईट होतात" अशी असते. ती फेकून देऊ नये, दुरुस्त करत न्यावी. कोणावर परिणाम होतात? नोंदवहीतला तिसरा स्तंभ पाहा. वाईट म्हणजे कसे? कापलेली बिले आणि रिकामी किटली पाहा. दोनतीन फेऱ्यांनंतर वर्गात अशी वाक्ये तयार होतात: "दया करणाऱ्याला वाटते की किंमत आपणच मोजतो आहोत, पण ती न विचारता इतरांच्या खात्यातून वळती होत असते." किंवा "उपकार कितीही झाकून केला तरी घेणाऱ्याला त्याचे वजन कळतेच." दोन्ही वाक्ये एकाच कथेची आहेत आणि दोन्हींना पुरावा आहे. पहिले बाळूच्या निर्णयावर उभे आहे, दुसरे अक्काताईच्या. एका कथेला एकच आशयसूत्र असते, हा गैरसमज गाइडांनी रुजवला आहे आणि तो इथे विनासायास सुटतो.

मोठ्या कथानकाकडे: ययाती

पद्धत अंगवळणी पडल्यावर मी आदिपर्वातील ययातीचे आख्यान घेतो. कोल्हापूरच्या वर्गाला हे नाव परके नसते, वि. स. खांडेकर दीर्घकाळ याच शहरात राहिले, त्यांच्या "ययाति" या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा उल्लेख १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराशी जोडून मुलांनी ऐकलेला असतो, आणि शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृती संग्रहालय आहे. तरी सुरुवात मूळ आख्यानापासूनच करावी, कारण ते लहान आहे आणि त्यात निर्णयांची रांगच लागलेली आहे.

कथानक थोडक्यात असे. शर्मिष्ठेने देवयानीचा अपमान करून तिला विहिरीत ढकलल्यावर रागावलेले शुक्राचार्य असुरांना सोडून जाऊ नयेत, म्हणून शर्मिष्ठा देवयानीची दासी होणे पत्करते. ययाती देवयानीशी विवाह करतो, पण पुढे शर्मिष्ठेपासूनही त्याला मुले होतात. ते कळताच देवयानी पित्याकडे जाते आणि शुक्राचार्य ययातीला अकाली वार्धक्याचा शाप देतात. मात्र ते वार्धक्य दुसऱ्याला देऊन त्याचे तारुण्य घेण्याची मुभा राहते. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू हे चार पुत्र नकार देतात. धाकटा पूरू होकार देतो. हजार वर्षांच्या उपभोगानंतर ययाती तारुण्य परत करतो आणि राज्य पूरूला देतो.

आता धोका असा की या आख्यानात आशय पात्राच्या तोंडीच सापडतो. उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतलेल्या अग्नीसारखी ती वाढतच जाते, असे ययाती स्वतः म्हणतो, आणि विद्यार्थी तोच श्लोक आशयसूत्र म्हणून उतरवून मोकळे होतात. त्यांना अडवून विचारावे: हे वाक्य म्हणणाऱ्याने काय सोडले, आणि केव्हा? हजार वर्षे संपल्यावर. मग ही वर्षे कोणाच्या खात्यातून आली? तिसरा स्तंभ लिहिताच पूरू पुढे येतो, ज्याला त्या श्लोकात जागाच नाही. ययातीच्या निर्णयावरून वासनेबद्दलचे सूत्र निघते. पूरूच्या निर्णयावरून मागच्या पिढीने पुढच्या पिढीच्या आयुष्यावर सांगितलेल्या हक्काचे सूत्र निघते. शर्मिष्ठेच्या निर्णयावरून स्वतः केलेल्या अपराधाचे प्रायश्चित्त आणि कुळासाठी दिलेला बळी यांची सीमारेषा किती पुसट असते, हे दिसते. वर्गाचे तीन गट करून प्रत्येक गटाला एकेक पात्र द्यावे आणि तिसऱ्या तासिकेला वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत.

चार पुत्रांच्या नकारावर खास वेळ द्यावा. आख्यान त्यांना शाप देते आणि पूरूला राज्य, म्हणजे संहितेचा निवाडा स्पष्ट आहे. आजच्या सतरा वर्षांच्या मुलाला मात्र नकार देणारे पटतात, आणि तो तसे मोठ्याने म्हणतो. त्याला गप्प करू नये. फक्त दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत लिहायला लावाव्यात. पहिल्या परिच्छेदात कथा या निर्णयाकडे कशी पाहते ते, पुराव्यासह. दुसऱ्यात मी कसे पाहतो ते, कारणासह. कृतिपत्रिकेतील स्वमताच्या प्रश्नात निम्मे गुण जातात ते या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने, असे माझे निरीक्षण आहे. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी खांडेकरांची कादंबरी घ्यावी. तिथे ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच सांगतात, त्यामुळे "पात्र सांगते ते कारण" आणि "दिसते ते कारण" यांची तपासणी तीन वेगवेगळ्या निवेदनांत करता येते.

उत्तर लिहिणे आणि तपासणे

लेखी उत्तराचा क्रम टिपणांच्या क्रमाहून उलटा असतो, हे आधी सांगून ठेवावे. टिपणात वाक्य शेवटी मिळते, उत्तरात ते पहिल्या ओळीत येते. मग निर्णय, सोडलेली गोष्ट, पुराव्याचे शब्द, परिणाम आणि शेवटी संहितेचा सूर. दीडशे शब्दांत हे सर्व बसते, कथानक सांगण्यात साठ शब्द घालवले नाहीत तर. म्हणून सरावाच्या वेळी कथानकासाठी दोनच वाक्यांची मर्यादा घालावी.

तपासताना मी तीन ठिकाणी पाहतो. निर्णय नेमका सांगितला आहे का, की "बाळूच्या वागण्यातून" असे मोघम लिहिले आहे? संहितेतला निदान एक शब्द उचलून त्याचे काम दाखवले आहे का? आणि सूत्राचे वाक्य त्या पुराव्यातून खरोखर निघते का, की आधीच पाठ असलेला सुविचार वर चिकटवला आहे? तिसरा दोष ओळखायला सोपा आहे: ते वाक्य उचलून दुसऱ्या कोणत्याही धड्याच्या उत्तरात ठेवले तरी चालत असेल, तर तो सुविचार. अशा वहीवर मी गुण कापण्याऐवजी समासात एवढेच लिहितो, "किटली कुठे आहे?" विद्यार्थ्याला काय हवे आहे ते कळते, आणि पुढच्या तासिकेला तो उत्तर पुन्हा लिहून आणतो.